दहा बाय बाराची खोली आणि दोघांचं अंथरूण

(चिंचपोकळी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी मला मघाशी खाली चहाच्या टपरीवरच गाठलं. म्हणाले, गिरणगावाच्या इतिहासात गाडीला जोडून न्यायच्या घराचं काय काम? ही तर पैसेवाल्यांची हौस. प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझा एक भाचा आहे. चाळिशीचा. तो आणि त्याची बायको, दोघांचंही काम लॅपटॉपवरचं, घरात बसून करायचं. त्यांच्या डोक्यात आलं की घरातच बसून करायचं तर एका जागी कशाला करायचं? ट्रेलर घ्यायचा. म्हणजे आपल्या गाडीच्या मागे आकड्याने अडकवायचं चाकावरचं घर. कोकणात न्यायचं, कधी भंडारदऱ्याला न्यायचं, आठ-पंधरा दिवस राहायचं. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे असल्या गाड्या बांधून देणारे कारखानदार आता सापडतात. तर हा भाचा एका रविवारी तीन नकाशे घेऊन माझ्याकडे आला. लांबी सोळा फूट, रुंदी सात फूट. तिन्ही नकाशांत ओटा तोच, संडास-मोरी तीच. फरक फक्त एका गोष्टीचा, झोपायचं कसं.

पहिल्या नकाशात पलंग कायमचा, मागच्या भिंतीला आडवा लावलेला. दुसऱ्यात पलंगच नाही. समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये टेबल. रात्री टेबल खाली उतरवायचं, बाकांच्या गाद्या त्यावर सरकवायच्या, झाला पलंग. तिसऱ्यात दोन भिंतींना दोन वेगवेगळे बिछाने, मधून वाट. पलंग मधोमध आणि दोन्ही बाजूंनी उतरायला जागा, असाही एक प्रकार असतो. पण त्याला ट्रेलर लांब लागतो, वजन वाढतं आणि याच्या गाडीला ते ओढवलं नसतं.

भाचा म्हणाला, "मामा, तू चाळीत वाढलायस. एवढ्याशा जागेत दोघांनी कसं राहायचं ते तूच सांग." मी मनातल्या मनात गुणाकार केला. सोळा गुणिले सात, एकशे बारा चौरस फूट. इथून पाच मिनिटांवर आमची खोली होती. दहा बाय बारा, एकशे वीस चौरस फूट. त्यात आम्ही आठ जण.

माझी आई तिथेच बसली होती. तिचं वय ८३. तिने दुसऱ्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा बिछाना रोज उचलायचा का रे?"

"हो आजी. दोन मिनिटांचं काम."

"कोण उचलणार?"

भाच्याने बायकोकडे बघितलं. बायकोने नकाशाकडे बघितलं. आजचं व्याख्यान त्या प्रश्नातून निघालं आहे.

आता जरा मागे जाऊ. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभी केली, १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून परळ, वरळीपर्यंत गिरण्या उठल्या. त्यात राबायला रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्याकडून माणसं आली. माणसं म्हणजे मुख्यतः पुरुष. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया साधारण सव्वापाचशे होत्या. म्हणजे अर्ध्या शहराची बायको गावी. अण्णाभाऊ साठ्यांनी पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या काळात जी छक्कड लिहिली, गावी राहिलेल्या मैनेची, ती इथल्या माणसाला समजावून सांगावी लागली नाही.

हे पुरुष राहायचे गाळ्यात. गावकी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, तिच्यात वीस-तीस जण. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला येऊन आडवा व्हायचा. वळकटी बदलायची, जमीन तीच. माझे आजोबा पाटण तालुक्यातून आले आणि अकरा वर्षं अशा गाळ्यात राहिले. वर्षातून दोनदा गावी जायचे, चैत्रात जत्रेला आणि दिवाळीला. माझ्या वडिलांना धरून ती पाच भावंडं. तिघं पौषातली, दोघं श्रावणातली. हिशेब तुम्ही करा.

ज्यांनी बायको मुंबईला आणली, त्यांचं काय? १९२१-२२ मध्ये मुंबईच्या मजूर कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शंभरातली ९७ कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. पुढे १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालातही हाच आकडा येतो. आपल्याकडे हा आकडा फार वापरला जातो, मीही पंचवीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहिला. पण बघा, त्यात मोजलंय काय? खोल्या मोजल्या, माणसं मोजली, भाडं मोजलं. रात्री त्या खोलीत कोण कुठे पडत होतं, हा रकानाच नाही.

अपवाद एक. मुंबई सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांची स्थिती बघायला एक डॉक्टरीणबाई नेमल्या होत्या, डॉ. बार्न्स. त्यांचा अहवाल १९२२ चा. बाई चाळीचे जिने चढल्या, खोल्यांत गेल्या. एका खोलीचं वर्णन त्यांनी करून ठेवलंय. खोली पंधरा बाय बारा. त्यात सहा बिऱ्हाडं. जमिनीवर सहा चुली. विचारलं तर लहानमोठी मिळून तीस माणसं. आणि छतापासून बांबू टांगलेले. ते कशाला? तर रात्री त्यांच्यावर कपडे आणि गोणपाट टाकायचे, की प्रत्येक बिऱ्हाडाची वेगळी खोली झाली! सहापैकी तीन बायकांचे दिवस भरत आले होते. बाळंतपण कुठे करणार, असं विचारल्यावर तीन फूट बाय चार फुटांचा कोपरा दाखवला गेला.

हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चुलींच्या धुरावर थांबलो होतो. आरोग्य, स्वच्छता वगैरे. आईचा प्रश्न ऐकल्यावर पुन्हा काढून वाचला, तेव्हा बांबू दिसले. कुणीतरी ते बांबू आणले, सुतळीने टांगले. रोज रात्री गोणपाट चढवायचं, पहाटे काढायचं, कारण दिवसा तिथेच सहा चुली पेटायच्या. भिंत नव्हती म्हणून या लोकांनी भिंत रोज उभी केली आणि रोज मोडली. भाच्याचा दुसरा नकाशा आणि हे गोणपाट यांत तत्त्वाचा फरक मला तरी दिसत नाही. एकच जागा दिवसा एक काम करते, रात्री दुसरं, आणि मधला बदल कुणाच्या तरी हातांनी होतो.

आता आमची खोली सांगतो. ही काही खास खोली नव्हे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची अशीच असणार, चुकलं तर तिथूनच सांगा.

आठ माणसं म्हणजे आजोबा, आजी, आईवडील, काका, आम्ही तीन भावंडं. एक लोखंडी खाट, चारही पाय दोन-दोन विटांवर चढवलेले. खाटेवर आजोबा, कारण ते मोठे आणि त्यांना दमा. खाटेखाली मी आणि धाकटा भाऊ, डोकी बाहेर, पाय आत. विटा त्यासाठीच, नाहीतर कूस बदलताना खांदा अडायचा. ताई आजीजवळ मोरीच्या बाजूला. काका गॅलरीत, पावसाळ्यात जिन्याखाली, नाहीतर व्यायामशाळेत. आणि आईवडील पोटमाळ्यावर.

पोटमाळा हा गिरणगावाचा मोठा शोध आहे, त्याच्यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. आमचा वडिलांनी १९६४ मध्ये घातला. आईचं लग्न १९६१ चं. मधली तीन वर्षं काय होतं? मी आईला हे कधी विचारलं नव्हतं, वयाच्या साठीत विचारलं. ती सहज म्हणाली, "साडी बांधायचो." खाटेच्या पायापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी आणि त्यावर साडी. त्या साडीच्या पलीकडे सासरा खोकतोय. पुढे म्हणाली, "तुझे आजोबा बिचारे जेवण झालं की चटई काखेत मारून बाहेर जायचे. म्हणायचे, आत उकडतंय. थंडीतसुद्धा उकडायचं त्यांना."

हे आजोबांचं उकडणं मी इतिहासाचा दस्तऐवज मानतो. चाळीत असे अलिखित नियम होते. नवं लग्न झालेल्या घरातला दीर महिनाभर मित्राकडे अभ्यासाला जायचा. शेजारची मावशी "माझ्याकडे झोपू दे गं पोरांना" म्हणायची, कारण विचारायचं नसायचं. रविवारी पोरांच्या हातावर भारतमाताच्या तिकिटाचे पैसे पडायचे आणि आम्हाला वाटायचं वडिलांना बोनस मिळाला. दहा बाय बाराच्या खोलीत दोघांची खोली सगळ्या चाळीने मिळून बांधलेली असायची, तासा-दोन तासांसाठी.

राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' पाहिलाय ना सगळ्यांनी? १९७० चा. पुढे बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला, १९७२ मध्ये. नवी सून मुंबईच्या घरात येते आणि नवराबायकोला दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. लोक पोट धरधरून हसले. आमच्या चाळीतल्या बायका घोळक्याने बघून आल्या. आईला विचारलं, तूही हसलीस का? म्हणाली, "हसले की. मग रडले. मग पाणी यायची वेळ झाली."

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो झोपेशी जोडून सांगायला हवा. नळाला पाणी पहाटे चारला. पाळ्या तीन. पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात. वडील दुसऱ्या पाळीला असले की साडेबाराला घरी यायचे, जेवायचे, एक-दीडला पोटमाळ्यावर चढायचे. चारला आई उतरायची. तिसऱ्या पाळीला असले तर ती उठल्यावर ते यायचे आणि पोरं शाळेला जाईपर्यंत त्यांना पाठ टेकायला जागा नसायची. कायद्याने कामाचे तास कमी होत गेले, ते खरं. १९२२ मध्ये दिवसाला बाराचे अकरा आणि आठवड्याला साठ झाले, १९३४ मध्ये दिवसाला दहा, १९४८ च्या कायद्याने नऊ. मजुरांच्या लढ्याचं ते मोठं यश आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण नवरा आणि बायको एकाच वेळी झोपू शकतील असे किती तास उरले, हे कुठल्या कायद्यात मोजलेलं नाही.

पोटमाळ्याची उंची सव्वातीन फूट. वर ताठ बसता यायचं नाही. साडी नेसायची तर खाली यावं लागे. शिडीची तिसरी पायरी वाजायची, म्हणून आई तिच्यावर पाय न देता उतरायची. आजही घराचा जिना उतरताना तिचा पाय तिसऱ्या पायरीवर अडखळतो. आई नेहमी शिडीच्या बाजूला झोपायची, वडील भिंतीच्या बाजूला. कारण आधी तिला उठायचं. भिंतीकडच्या माणसाला उतरायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं.

आता इथे भाच्याच्या पहिल्या नकाशाकडे वळतो. कायमचा पलंग, भिंतीला आडवा. त्यातही तेच आहे. आतल्या माणसाला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून. ट्रेलर घेणारी जोडपी शोरूममध्ये पलंगाची लांबी-रुंदी विचारतात, गादी दाबून बघतात. आत कोण झोपणार आणि रात्री कोण किती वेळा उठतं, हे विचारत नाहीत. साठीच्या पुढच्यांनी तर तेच आधी विचारावं. आणि रुंदीचंही बघा. चार फुटी पलंगाला दुकानदार डबल म्हणतो. माणशी आले दोन फूट. रेल्वेचा बर्थही जवळपास तेवढाच असतो आणि तिथे निदान शेजारच्याचं ढोपर लागत नाही. दोघांना रोज झोपायचं तर पाच फूट हवेत. एका रात्रीचा प्रश्न असेल तर चार चालतात.

ही चाकावरच्या घरांची हौस आली कुठून, तेही थोडक्यात सांगतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता, आरमारात नोकरी केलेला, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. त्याने १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यात एक मोठी घोडागाडी बांधून घेतली. 'वाँडरर' तिचं नाव. अठरा फूट लांब, म्हणजे भाच्याच्या ट्रेलरपेक्षा दोन फूट जास्त. हौसेसाठी बांधलेलं हे पहिलं चाकावरचं घर मानतात. त्याच्याबरोबर कोण होतं? एक नोकर, एक गाडीवान, एक कुत्रा आणि एक काकाकुवा. म्हणजे हौसेच्या या पहिल्या घरात जोडप्याच्या बिछान्याचा प्रश्नच आला नाही. तो आला अमेरिकेत, मोटारी आल्यावर. एअरस्ट्रीम कंपनी काढणाऱ्या वॅली बायमची गोष्ट सांगतात की त्याच्या बायकोला तंबूत, जमिनीवर झोपणं मान्य नव्हतं, म्हणून त्याने चाकांवर आडोसा बांधायला सुरुवात केली. १९३६ च्या त्यांच्या 'क्लिपर'मध्ये जेवायच्या टेबलाचा पलंग व्हायचा. भाच्याच्या दुसऱ्या नकाशाचे हे पणजोबा. भिंतीत उभा करून ठेवायचा पलंगही तिकडचाच, सॅन फ्रान्सिस्कोच्या मर्फी नावाच्या माणसाचा. तोही एका खोलीत राहायचा. तिकडे त्याला कल्पकता म्हणतात. आपल्याकडे गादी गुंडाळून खाटेवर ठेवली की गरिबी!

पण चाकावर निघालेलं जोडपं म्हणजे हौसच, असं समजू नका. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अगदी कर्नाटकापर्यंत ऊसतोडणी कामगार निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ट्रंका, गोधड्या, शेळी, पोरं. ट्रॉली म्हणजे ट्रेलरच की हो. त्यांच्या धंद्यात नवराबायको मिळून एक 'कोयता'. उचल कोयत्याला मिळते, म्हणजे जोडीला. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. गिरणीने इथल्या माणसाला एकटा मोजला आणि बायको गावी ठेवायला लावली. साखर कारखान्याने दोघांना मिळून एक मोजलं आणि दोघांना बरोबर नेलं. त्यांची कोपी बांबू आणि पाचटाची. आत शिरायचं तर वाकून. मध्यरात्री गाडी भरायची हाक आली की दोघांनाही उठावं लागतं. तिथल्या झोपेबद्दल बोलायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसं आहेत, त्यांना एकदा या व्याख्यानांना बोलवावं.

परत चिंचपोकळीला येतो. सरकारने घरं बांधली नाहीत असं नाही. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात विकास खातं निघालं आणि त्याने बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि रेल्वेलाइनीपलीकडे ना. म. जोशी मार्गावर, आपण अजून डिलाईल रोडच म्हणतो. संकल्प होता पन्नास हजार खोल्यांचा, झाल्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एक खोली एकशे साठ चौरस फूट. आमच्यापेक्षा चाळीस फूट जास्त. लहानपणी तिथे मित्राकडे गेलो की मला ते मोठं घर वाटायचं. त्यांच्याकडे खाट आणि कपाट दोन्ही होतं! त्या चाळी आता पाडताहेत. वरळीला २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांच्या. शंभर वर्षांनी दार बंद करून झोपायची वेगळी खोली. त्याबद्दल ज्यांना फक्त चाळसंस्कृती गेल्याचं दुःख होतं, त्यांनी आठ दिवस पोटमाळ्यावर झोपून दाखवावं, असं आई म्हणते. मी म्हणत नाही. मलाही गॅलरीची आठवण येते.

आमच्या घरात खाट आईवडिलांकडे आली ती १९८२ मध्ये. आजोबा ८१ च्या पावसाळ्यात गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. काका गावी परतले. पाळी नाही, भोंगा नाही. लग्नानंतर एकवीस वर्षांनी दोघांना रात्र अशी पूर्ण मिळाली, खाली, खाटेवर. आई म्हणाली, "संपात खाट मिळाली आणि झोप गेली." वडील रात्रभर छताकडे बघत पडायचे. नंतर त्यांनी फोर्टात एका कचेरीत राखणदाराची नोकरी धरली. रात्रीची. म्हणजे पुन्हा तेच.

वडील २००९ मध्ये गेले.

तर भाच्याला मी काय सांगितलं? दुसरा नकाशा नको म्हणालो. टेबलाचा पलंग कागदावर जागा वाचवतो. पण गाद्यांचे तुकडे तीन, आणि सांधा नेमका कमरेखाली येतो. आम्ही दोन गाद्या शेजारी लावायचो तेव्हा मधल्या फटीत कोण, यावरून भांडणं व्हायची. शिवाय दोघांपैकी एकाला उशिरापर्यंत लॅपटॉपवर बसायचं असेल तर दुसऱ्याला झोपताच येणार नाही, कारण पलंग टेबलाखाली आहे. आणि एक जण आजारी पडला तर दिवसभर जेवायला टेबल नाही. चाळीत आजारी माणसाची हीच अडचण असायची. तो पडलेला आणि बाकीचे त्याला वळसा घालून स्वयंपाक करताहेत.

तिसरा नकाशा, दोन वेगळे बिछाने, मला बरा वाटला होता. कुणी कुणाला ओलांडायचं नाही, मोरीला जायला वाट मोकळी. पण भाच्याची बायको पहिल्यांदाच बोलली. "मामा, आजीने एवढं सगळं सांगितलं आणि आम्ही दोन भिंतींना दोघं झोपायचं?" यावर मला उत्तर नव्हतं.

पहिला ठरला. पलंग चारचा पाच फूट करून घेतला, त्यासाठी कपाट अर्धं गेलं. कारखानदार म्हणाला, पलंग मागे आणि त्याखाली सामान भरलं तर मागचं वजन वाढून ट्रेलर रस्त्यावर झोकांड्या खाईल. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी चाकांच्या आसावर घेतली, पलंगाखाली फक्त कपडे आणि पांघरुणं. फळी सलग प्लायची न ठेवता पट्ट्यांची केली, कारण कोकणच्या हवेत बंद खोलीत दोन माणसांच्या श्वासाने गादी खालून ओली होते. हे मला माहीत होतं. आमच्या पोटमाळ्यावरची गादी आई दर रविवारी गॅलरीच्या कठड्यावर टाकायची आणि पिंजारी आला की कापूस सोडवून घ्यायची. थांबल्यावर चारही कोपऱ्यांना आधाराचे पाय लावायचे, हेही त्यानेच दाखवलं. ते लावले नाहीत तर एकाने कूस बदलली की आख्खं घर हलतं.

ट्रेलर तयार झाल्यावर आम्ही आईला घेऊन बघायला गेलो. तिला पायरी चढवली. ती पलंगावर बसली, मग आडवी झाली, सरकत सरकत भिंतीच्या बाजूला गेली आणि म्हणाली, "कुणीतरी बाहेरच्या बाजूला झोपा, म्हणजे कळेल मला." भाच्याची बायको झोपली. दोघी बराच वेळ तशाच पडून होत्या. आम्ही बाहेर टायरची हवा बघत बसलो.

आता एक काम सांगतो आणि थांबतो. आपल्याकडे चाळींचे फोटो पुष्कळ आहेत. गणपतीचे, लग्नाचे, गॅलरीतले, मोर्चाचे. रात्रीच्या खोलीचा फोटो माझ्या बघण्यात एकही नाही, आणि तो कुणी काढणंही शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येकाने घरी गेल्यावर एका कागदावर आपल्या खोलीचा चौकोन काढा. मोरी कुठे, दार कुठे, खिडकी कुठे. मग कोण कुठे झोपायचं ते लिहा, वर्ष लिहा, पाळी लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यालाच विचारा, पण एकट्याला, सगळ्यांच्या समोर नको. नावं घातली नाहीत तरी चालेल. आजोबा, काकू, थोरला एवढं पुरे. पुढच्या महिन्याच्या व्याख्यानाला येताना ते कागद घेऊन या. दाराजवळ एक खोका ठेवलेला असेल.